नववीतला डबा आणि हॅव बीन

स्मरणिकेत सगळे मैदान, सहल आणि गॅदरिंगवर लिहिणार हे माहितीये, म्हणून मी सरळ नववीच्या इंग्रजीच्या तासाला जातो. पहिलीपासून इंग्रजी हे 2000 साली आलं, आमच्या बॅचला ते पाचवीपासून, त्यामुळे नववीत पूर्ण वर्तमानकाळ आणि चालू पूर्ण वर्तमानकाळ एकदमच अंगावर आले आणि बहुतेकांनी गाईडातलं सूत्र घोकलं, सिन्स किंवा फॉर दिसलं की हॅव बीन, पुढे आयएनजी, विषय संपला.

आमच्या सरांना हे सूत्र अजिबात खपायचं नाही. एकदा मधल्या सुट्टीनंतर ते एका पोराचा डबा घेऊनच फळ्यासमोर उभे राहिले, झाकण काढून सगळ्यांना दाखवला, आत अर्धी पोळी आणि कडेकडेने उकरलेली बटाट्याची भाजी. म्हणाले, हे बघून काय म्हणाल? समवन हॅज बीन ईटिंग माय लंच. कुणीतरी हात मारलाय, पण अजून शिल्लक आहे. मग ती अर्धी पोळी भाजीसकट स्वतःच दोन घासांत संपवली, डबा उलटा करून टेबलावर आपटला आणि म्हणाले, आता? समवन हॅज ईटन माय लंच. वर्ग लोळायचा बाकी राहिला होता, ज्याचा डबा तो सोडून.

गाईडात लिहिलेलं असायचं की चालू पूर्ण म्हणजे क्रिया अजून चालूच आहे. सर खिडकीबाहेर बोट दाखवायचे, पाऊस थांबलाय ना, मैदानात चिखल आहे ना, मग इट हॅज बीन रेनिंग, खुणा दिसतात तेवढं पुरे. सकाळपासून काय करताय विचारलं तर आय हॅव बीन चेकिंग पेपर्स, आणि किती झाले विचारलं तर आय हॅव चेक्ड ट्वेंटी पेपर्स, आकडा आला की आयएनजी गेलं. आणि नो (माहीत असणं), बिलीव्ह असली क्रियापदं सिन्स असलं तरी आयएनजी घेत नाहीत, आय हॅव नोन हिम सिन्स 1985 असंच, कुणी हॅव बीन नोइंग म्हटलं की सर कानाला हात लावायचे. मला विचाराल तर पोरं सगळ्यात जास्त इथेच आपटतात, कारण सूत्रात हे बसतच नाही. दुसरा खड्डा कालचा, आपण बिनधास्त म्हणतो मी त्याला काल पाहिलंय, पण यस्टर्डे आला की हॅव बाद, आय सॉ हिम यस्टर्डे.

पुढे नोकरीत अमेरिकन लोकांशी रोजचे कॉल सुरू झाले तर ते खुशाल डिड यू ईट येट विचारतात, तिकडे बोलण्यात ते चालतं, ब्रिटिश माणूस सहसा हॅव यू ईटन येट म्हणेल. आमच्या सरांच्या हाती ते अमेरिकन लागले असते तर मजा आली असती.

आता बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी हटकून लिहितंच, आय एम वर्किंग हिअर सिन्स 2004. मराठीत आपण 2004 पासून इथेच काम करतोय असंच म्हणतो, म्हणून ते तसं उतरतं, आणि भारतातल्या कुठल्याही ऑफिसात ते सगळ्यांना कळतं. मी तरी कुणाला सुधारत बसत नाही. सर त्याच ग्रुपवर आहेत, ते मात्र खाली हॅव बीन एवढंच टाइप करून पाठवतात.