ढोलकी कशाला, बाई?

"बाई, हा कराटेचा क्लास ना? मग ढोलकी कशाला?"

पालक विचारतात, शाळेतले सहकारी विचारतात. एका स्पर्धेत एका पंचांनीही विचारलं होतं, पण त्यांचा सूर प्रश्नाचा नव्हता. "नाचायला आणलंत काय पोरांना?" असं म्हणाले. तेव्हा मी नुसती हसले, कारण पुढची बाउट, म्हणजे लढत, आमच्याच मुलीची होती आणि पंचांशी वाद घालायची ती वेळ नव्हे. परवा बदलून आलेल्या एका शिक्षकांनी तेच विचारलं, पण खुर्ची ओढून, ऐकायच्या तयारीने विचारलं. त्यांना अर्धवट सांगितलं आणि घंटा झाली. उरलेलं इथे लिहिते. तुम्ही विचारलंत म्हणून.

सुरुवात एका पिक्चरपासून आहे. पिक्चर काही थोर नाही, हे आधीच कबूल करते.

मी नववीत होते. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला मामाकडे गेले होते. लालबागला चाळीत त्याची एक खोली, त्यात आम्ही सात जण आणि केबल. दुपारी पोरांनी कुठलातरी इंग्रजी पिक्चर लावला. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जात होतं. पण मारामारी सुरू झाली आणि मी हातातला फराळ खाली ठेवला. हा माणूस लढत होता की नाचत होता? पाय एका जागी ठरत नव्हते. हात जमिनीवर टेकून लाथ वरून यायची. आणि मागे कोणीतरी धनुष्यासारख्या वाकवलेल्या काठीला भोपळा बांधून, तिची एकच तार काडीने वाजवत होतं. बाकीचे गोल करून टाळ्या वाजवत गात होते. मामी भांडी घासता घासता म्हणाली, "हे आपल्या जाखडीसारखंच की गो!" जाखडी म्हणजे आमच्या कोकणातला, ढोलकीवर गोल करून नाचायचा नाच. सगळे हसले. मीही हसले.

पिक्चरचं नाव मला पुष्कळ वर्षांनी, गावात इंटरनेट आल्यावर सापडलं: ओन्ली द स्ट्राँग, 1993 सालचा. गोष्ट अशी की लुई स्टीव्हन्स नावाचा अमेरिकी सैनिक ब्राझीलमध्ये असताना कापुएरा शिकतो. कापुएरा म्हणजे तीच, गाण्याच्या तालावर नाचल्यासारखी लढायची तिथली विद्या. मायामीला परत येतो तर त्याच्या जुन्या शाळेत गर्दचा धंदा चाललेला. एका धंदेवाल्याला तो लोळवतो. हे बघून त्याच्या जुन्या मास्तरांना सुचतं की शाळेतली सगळ्यात वाया गेलेली बारा पोरं याच्या हवाली करावीत. बंद पडलेल्या फायर स्टेशनात वर्ग भरतो. त्यातल्या एका पोराचा चुलतभाऊच तिथला गुंड, आणि त्यालाही कापुएरा येतो. मग शाळेला आग लागते, एक मुलगा जातो, आणि शेवटी सर आणि गुंड समोरासमोर.

शेवट मला तेव्हाही पटला नव्हता, आता तर अजिबात पटत नाही. दोन तास पोरांना सांगायचं की मारामारीने काही होत नाही, आणि मग सगळा निकाल एका मारामारीवर लावायचा! आमच्याकडे गुटखा विकणाऱ्याला मी लोळवलं तर दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ टपरी उघडेल, आणि मी पोलीस पाटलासमोर बसलेली असेन. शिवाय बारा पोरांसाठी पगारी शिक्षक? त्या मुख्याध्यापकांना एकदा आमच्या शाळेत आणायला हवं. माझ्या शनिवार-रविवारच्या वर्गात अठ्ठावीस मुलं आहेत आणि फी त्यातली निम्मी देतात.

एक गोष्ट मात्र मला आवडते. नायकाचं काम करणारा मार्क डाकास्कोस मुळात कापुएरावाला नव्हे. त्याच्या घरात कुंग फू, वडील गुरू. कापुएरा तो आमेन सांतो नावाच्या ब्राझिली उस्तादाकडून शिकला. अर्धं आयुष्य एक विद्या करून मग दुसरीत पोराटोरांच्या रांगेत उभं राहायचं, हे सोपं नसतं. जॉन विकच्या तिसऱ्या भागात सुशी करणारा जो मारेकरी आहे तो हाच. हे सांगितलं की पोरं जरा मान देतात. एरवी कापुएरा म्हटल्यावर त्यांना टेकन या व्हिडिओ गेममधला एडी गोर्डो तेवढा आठवतो.

तर कापुएरा. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून, विशेषतः अंगोलाकडून, गुलाम म्हणून ब्राझीलला नेलेल्या लोकांमध्ये तो घडला. गुलामगिरी 1888 साली उठली आणि लगेच 1890 च्या दंडसंहितेत कापुएरा खेळणं हाच गुन्हा ठरला. 1930 च्या दशकात साल्वादोर शहरात मेस्त्रे बिंबा नावाच्या माणसाने त्याचा रीतसर वर्ग काढला. त्याच्याकडे यायचं तर एकतर शाळेत जात असलं पाहिजे नाहीतर कामाला. रिकामटेकड्याला प्रवेश नाही. (मी नेमकी उलटी निघाले. शाळेने ज्यांना दाखला देऊन काढायचं ठरवलं होतं, तेच माझ्याकडे आले.) आणि मेस्त्रे हा शब्द ऐकून तुम्हाला आपला मेस्त्री आठवला असेल, तर बरोबर आठवला. आपल्याकडे वासे बसवणारा मेस्त्री त्याच पोर्तुगीज शब्दातून आला. ज्या पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने 1508 च्या डिसेंबरात आमचं हे खाडीपलीकडचं दाभोळ जाळलं, त्याच्याच भाऊबंदांनी पुढे ब्राझीलहून काजू आणला. काजू आम्ही ठेवून घेतला. कापुएरा यायला केबल लागली.

आता माझा वर्ग. गुहागर तालुक्यात, खाडीच्या अलीकडे, जेटीच्या वर एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना आहे. यंत्रं कधीच भंगारात गेली, पत्र्याची शेड आणि कोबा उरला. पावसाळ्यात शाळेच्या मैदानात गुडघाभर चिखल, म्हणून मालकाला विचारून तिथे गेलो. अजून पहिल्या पावसात जमिनीतून मासळीचा वास उठतो. तिथे पहिल्या वर्षी मी जे शिकले होते तेच शिकवलं. रांगा, झेंकुत्सु-दाची म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहणं, इची-नी-सान म्हणजे जपानीत एक-दोन-तीन. चांगल्या घरची पोरं छान उभी राहायची. मागच्या ओळीतली चार-पाच राहायची नाहीत. त्यांचे बाप कोणी मुंबईत, कोणी ट्रॉलरवर. आई सकाळी मासळी घेऊन बाहेर. हातात बेचकी, खिशात पुडी.

त्यातल्या एकाला सगळे कुर्ली, म्हणजे खेकडा, म्हणायचे. सरळ चालायचाच नाही. कोणाच्या अंगावर जायचं तरी खांदा पुढे करून, तिरका, खाली वाकून. शाळेतले दोन दिवे आणि एका मुलाची भुवई त्याने बेचकीने फोडली होती. मी त्याला रांगेत सरळ उभं करायला सहा महिने घालवले. माझे घालवले, त्याचे नव्हे. तो यायचा, दोन मिनिटं उभा राहायचा आणि शेजारच्याला कोपर मारायचा.

गणपतीच्या आधी पंधरा दिवस ही चौकडी क्लासला यायचीच बंद झाली. मी तणतणत त्यांच्या वाडीत गेले. रात्रीचे नऊ, पाऊस नुकता थांबलेला. एका घराच्या पडवीत जाखडीची तालीम चालली होती. मध्ये बुवा, ढोलकी, झांजा. भोवती गोलात बारा-चौदा जण, पायात चाळ. त्यात कुर्ली. खाली बसत होता, गिरकी घेऊन उठत होता, पुढच्याच्या पाठीशी एक वीत अंतर ठेवून. ते अंतर कमी नाही की जास्त नाही. पाय चुकला तर बुवा शिव्या देत नव्हते, नुसतं गाणं थांबवून परत पहिल्यापासून घ्यायचे. मग सगळेच त्या चुकलेल्याकडे बघायचे. मी तासभर उभी होते. त्या तासात त्याने कोणाला कोपर मारलं नाही.

त्याने मला पाहिलं. "बाई, तुमी कशाला आलाव हितं?"

"बघायला," म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. घरी जाताना मामीचं वाक्य आठवलं.

गणपती विसर्जन झाल्यावर मी ढोलकी घेऊन गेले. वाजवता येत नव्हती, अजूनही यथातथाच. पद्धत अशी बसवली: सगळ्यांनी गोल करायचा, दोघांनी आत यायचं. एकाने मारायचं, दुसऱ्याने चुकवायचं. अडवायचं नाही, लागू द्यायचं नाही. बाकीच्यांनी टाळ्या धरायच्या. वेग ढोलकीचा. ढोलकी थांबली की हात-पाय जिथे असतील तिथे थांबले पाहिजेत. कापुएरात हाच मान त्या भोपळ्याच्या धनुष्याला, बेरिंबावला असतो. खेळ तापला की बेरिंबाव वाजवणारा दोघांना जवळ बोलावतो आणि नव्याने सुरू करतो. 2014 साली युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतला तोही कापुएराचा गोलच. लाथांचं नाव वर नाही.

मग मी ढोलकी कुर्लीकडे दिली.

पहिल्या दिवशी त्याने बडवली. दुसरा शब्द नाही. आतले दोघे धावपळीला आले, एकाचा पाय सरकला, दुसऱ्याची मूठ त्याच्या ओठावर. रक्त आलं. रक्त येणाऱ्याने मारणाऱ्याकडे पाहिलंच नाही, वळून ढोलकीकडे पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं. टाळ्या थांबलेल्या, पत्र्यावर पाऊस. कुर्लीने ढोलकी मांडीवरून खाली ठेवली आणि कारखान्याच्या मागच्या दाराने निघून गेला. मला वाटलं, गेला. पुढच्या शनिवारी तो आधीच येऊन बसला होता. त्या दिवशी इतकी संथ वाजवली की पोरं कंटाळून जांभया द्यायला लागली. तिसऱ्या आठवड्याला बरी वाजवली.

म्हणून ढोलकी, सर. दांडगट पोराला मूठ कशी आवळायची हे मी शिकवावं लागत नाही, ते घरून शिकून आलेलं असतं. दुसरा आत असताना आपण बाहेर काय करायचं, हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं.

याने सगळं गोड झालं असं समजू नका. यूट्यूबवर कापुएरा बघून पोरं हातावर उभं राहायला लागली. मी ओरडायचे, पण मनातून मला ते आवडत होतं, आणि तिथेच चुकले. ऑगस्टातला दमट दिवस, कोब्याला घाम सुटलेला, मी पोती अंथरायला लावली नव्हती. आठवीतला एक मुलगा हातावर घसरला. मनगट मोडलं. त्याची आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं. तेव्हापासून हातावर उभं राहणं बंद आणि पावसाळ्यात आधी अर्धा तास फरशी पुसणं. पोरांना यात कराटेची काही गुप्त विद्या दडलेली वाटते. मी सांगते, काही नाही रे, घसराल म्हणून.

आणि मी कापुएरा शिकवते असं कुठे म्हणू नका. मला तो येत नाही. मी कराटे शिकवते, काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, घेते, परीक्षेला पोरं रत्नागिरीला नेते आणि तिथे ती सरळ रांगेतच उभी राहतात. ढोलकी आमच्या शेडपुरती.

कुर्ली दहावीला दोनदा बसला आणि मग ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला. वाईट वाटलं का? वाटलं. पिक्चरमधली पोरं शेवटी पदवीचे झगे घालतात. पण जून-जुलैची मासेमारी बंदी लागली की तो घरी असतो, आणि शनिवारी सांगितल्याशिवाय येतो. आला की माझ्या वाजवण्याला नाकं मुरडतो. पावसाच्या हवेत कातडं सैल पडून ढोलकी उतरते, बद्द बोलते. मला ते कधी कळतच नाही. गेल्या शनिवारी त्याने एक थाप मारली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि ढोलकी काखेत मारून जेटीवरच्या चहावाल्याकडे पळाला, शेगडीवर शेकवायला. अठ्ठावीस पोरं गोल करून, टाळ्यांसाठी हात वर धरून त्याची वाट बघत उभी.