डोंबिवलीच्या गॅलरीत अमृत कोकम: माझा अनुभव

उन्हाळ्यात घरातल्या प्रत्येकाला वेगळं काहीतरी प्यायचं असतं. मुलगी खेळून आली की तिला गोड हवं. नवऱ्याला जेवणाबरोबर सोलकढी हवी. सासऱ्यांना मधुमेह, त्यामुळे साखर नको, पण साध्या पाण्याने त्यांची तहान भागत नाही. मला स्वतःला ऑफिसातून आल्यावर आंबट-खारट काहीतरी लागतं. हे रोज चार प्रकारांनी करत बसणं नोकरी करणाऱ्या बाईला शक्य नाही. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की मे महिन्यात एकदाच कष्ट घ्यायचे आणि कोकमाचा मूळ अर्क करून बरण्या भरायच्या. नंतर फक्त पाणी ओतायचं काम राहील.

आमचं माहेर कुडाळजवळ. घरामागे रातांब्याची झाडं आहेत. रातांबा म्हणजे कोकमाचं ओलं फळ, हे कोकणाबाहेरच्या अनेकांना माहीत नसतं. त्यांनी पाहिलेली असतात ती वाळलेली आमसुलं. कोकमात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. बी पेरून उगवलेलं रोप कोणतं निघेल हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, आणि त्याला काही वर्षं जातात. आता लोक मादी झाडाची कलमं लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' नावाची जात काढली आहे, ती आमच्याकडे दोन-तीन जणांनी लावली. आमच्या घराची झाडं मात्र आजोबांच्या वेळची, रायवळ.

भावाचा फोन आला, "रातांबे पिकले आसत. धाडू काय?" मी म्हटलं, पाच किलो धाड. तो म्हणाला, आधीच तयारी करून ठेव, कारण हे फळ थांबत नाही. खरंच थांबत नाही. पिकलेला रातांबा दोन-तीन दिवसांत मऊ पडतो आणि फुटायला लागतो. त्यामुळे मुंबईच्या बाजारात ताजे रातांबे क्वचितच दिसतात. गावाहून निघालेल्या माणसाबरोबर रात्रीच्या गाडीने करंडीतून आले आणि सकाळी ठाण्याला उतरवून घेतले. करंडीत तळाला आंब्याची पानं घातली होती, त्यामुळे फळं फारशी दबली नव्हती. मऊ पडलेली बाजूला काढली, ती त्याच दिवशी सरबतात गेली.

तयारीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भांडी. कोकमाचा आंबटपणा चांगलाच तीव्र असतो. अॅल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या भांड्यात ठेवलं की धातूची चव उतरते. म्हणून दोन चिनीमातीच्या बरण्या, एक मोठं काचेचं भांडं आणि स्टीलच्या पराती एवढंच वापरलं. बरण्या गरम पाण्याने धुऊन उन्हात कडक वाळवल्या. त्यात ओलावा राहिला तर पुढच्या सगळ्या कष्टांवर पाणी पडतं.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून आम्ही सगळे बसलो. रातांबे धुऊन, पुसून कोरडे केले. मधोमध चिरून दोन वाट्या करायच्या. बी आणि पांढरट गर एका भांड्यात, साली दुसऱ्या भांड्यात. बोटं जांभळट लाल होतात आणि तो रंग दोन दिवस जात नाही. बोटाला चीर असेल तर रस झोंबतो, म्हणून मी मुलीला चिरायला दिलं नाही, बिया काढायला दिल्या. सासरे मूळचे सोलापूरचे. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ओला रातांबा हातात घेतला आणि गर चोखून बघितला. "हे तर गोड-आंबट आहे की," म्हणाले. आतला गर गोडसर आणि साल आंबट, हे त्यांना माहीत नव्हतं.

साधारण निम्मं वजन सालींचं निघालं. त्यातल्या एक किलो साली अमृत कोकमासाठी, म्हणजे पाणी घालून प्यायच्या गोड अर्कासाठी, बाजूला काढल्या, उरलेल्या आमसुलांसाठी. बी-गरात मीठ घालून आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, करायचं. म्हणजे फळाचं काही फुकट जात नाही, आणि हेच मला या फळाबद्दल सगळ्यात जास्त आवडतं.

अमृत कोकम कसं केलं ते सांगते, कारण त्यातच खरी गंमत आहे. एक किलो सालींना दोन किलो साखर. ऐकायला भयंकर वाटतं, पण इथे साखर फक्त गोडीसाठी नसते, टिकण्यासाठी असते. रसात साखरेचं प्रमाण साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेलं की बहुतेक बुरशींना आणि यीस्टना लागणारं पाणी उरत नाही. मग वेगळं परिरक्षक घालावं लागत नाही. सालींच्या वाट्यांमध्ये साखर भरायची, बरणीत एकावर एक रचायच्या आणि प्रत्येक थरावर पुन्हा साखर पसरायची. वरून पातळ सुती कापड बांधायचं आणि उन्हात ठेवायची. गॅसवर नाही. कोकमाचा तो लाल रंग अँथोसायनिनचा असतो आणि उकळीत तो फिका पडत जातो. गॅसवर पाक करून केलेलं सरबत तपकिरी दिसायला लागतं, मग बाजारात काही जण त्यात रंग घालतात. उन्हात साखर सावकाश विरघळते, सालीतला रस बाहेर ओढते आणि रंग तसाच राहतो.

आमची गॅलरी पश्चिमेची, ऊन दुपारनंतरच येतं. म्हणून सकाळी बरणी सोसायटीच्या गच्चीवर आणि संध्याकाळी घरात, असा क्रम ठेवला. मुंग्यांचा उपद्रव मोठा. परातीत पाणी घालून त्यात बरणी उभी केली, की मुंग्या पोचत नाहीत. पहिल्या दिवशी संध्याकाळीच तळाला बोटभर रस दिसला. रोज कोरड्या लाकडी डावाने तळापासून हलवायचं. हे विसरून चालत नाही, कारण साखर तळाला बसते आणि वरच्या साली रसाबाहेर कोरड्या राहतात. तिथेच बुरशी धरते.

मग मध्येच आभाळ आलं. मेच्या मध्यावर वळवाची सर येते हे दरवर्षीचंच, पण त्या वेळी दोन दिवस ऊनच पडलं नाही आणि हवेत दमटपणा भरला. बरणीत निम्मी साखर विरघळली होती, निम्मी तळाला होती. हा या सगळ्या प्रक्रियेतला सगळ्यात काळजीचा टप्पा. रस सुटलेला असतो पण पुरेसा घट्ट नसतो, अशा वेळी तो आंबू शकतो. मी गावाला काकीला फोन केला. तिने विचारलं, "फेस इलो काय? वास कसो येता?" फेस नव्हता, वासही नीट होता. ती म्हणाली, थोडी साखर आणखी घाल, नीट हलव, आणि ऊन येईपर्यंत घरातल्या कोरड्या जागी ठेव. पाव किलो साखर वाढवली. रोज दोनदा हलवलं. ऊन परतलं तेव्हा रस दाट होता आणि वर एकही पांढरा ठिपका नव्हता. पुढच्या कडक उन्हात उरलेली साखर विरघळली. रस चमच्यावरून सावकाश, तारेसारखा ओघळायला लागला तेव्हा गाळला.

गाळताना साली पिळायच्या नाहीत. पिळल्या तर रस गढूळ होतो. साखरेत मुरलेल्या त्या साली मुलीने दुपारी खाऊन संपवल्या. रसात थोडं मीठ घालून बाटल्या भरल्या. जिरेपूड बाटलीत घातली नाही. ती पिताना ताजी भाजून घातली तरच वास येतो, आणि बाटलीत घातलेलं जिरं काही दिवसांनी कडवट लागतं. एक भाग अमृत कोकम, पाच-सहा भाग गार पाणी, चिमूटभर जिरेपूड, वाटलं तर काळं मीठ. एवढंच.

आगळ त्या मानाने सोपं, पण मिठाच्या बाबतीत काटेकोर. बी-गराच्या किलोला साधारण दीडशे ग्रॅम जाडं मीठ घातलं. काकीने बजावलं होतं, "मीठ कमी घालू नको गो, नायतर सगळा नासतला." काचेच्या भांड्यात झाकून ठेवलं, रोज हलवलं. काही दिवसांत बिया रसात पोहायला लागतात. तो रस गाळून घेतला की आगळ. त्यातलं थोडं बाटलीत भरलं आणि उरलेल्यात आमसुलांच्या साली बुडवून वाळवल्या. एकदा बुडवून भागत नाही. वाळल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, असं चार-पाच वेळा करतात. तेव्हा कुठे आमसूल जाड, काळपट आणि मऊ होतं. दुकानात पातळ, कडक, पापडासारखी आमसुलं मिळतात ती बहुतेक एकदाच वाळवलेली असतात.

सासऱ्यांचा प्रश्न आमसुलांनी सोडवला. पाच-सहा आमसुलं तांब्याभर पाण्यात दोन तास भिजवायची, हाताने कुस्करून गाळायची. त्यात सैंधव, भाजलेलं जिरं आणि किसलेलं आलं. साखरेचा दाणा नाही. ताज्या आमसुलांत मीठ असतंच, म्हणून आधी चव घेऊन मगच सैंधव घालावं. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी तर आगळ आणि आमसूल दोन्ही जपूनच वापरावं, हे मी आवर्जून सांगते. घरचं आहे म्हणजे कितीही चालतं असं नसतं. दुपारी सासरे नाचणीची आंबील घेतात. दोन चमचे नाचणीचं पीठ रात्री पाण्यात भिजवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात ओतून शिजवायचं, गार झाल्यावर ताक, मीठ, ठेचलेली लसूण आणि जिरं. पोटभरीची असते आणि उन्हात जाण्याआधी बरी पडते. सोलापूरकडे ज्वारीच्या पिठाची करतात, ती तर त्यांना आणखी आवडते.

सोलकढी नवऱ्याचं खातं. एका नारळाचं दूध कोमट पाण्यात दोनदा काढायचं. त्यात आगळ, वाटलेली लसूण-मिरची, कोथिंबीर. आगळ खारट असतं, म्हणून मीठ शेवटी. कढी म्हणत असलो तरी ती गॅसवर चढवायची नाही, गरम केली की नारळाचं दूध फाटतं. एवढ्या एका गोष्टीकडे लक्ष दिलं की बाकी काही बिघडत नाही.

कैऱ्यांचं पन्हंही त्याच महिन्यात केलं, पण त्यावर फार लिहिण्यासारखं नाही, ते सगळ्यांना येतं. फक्त एक सांगते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला करतो ते वेलची-केशराचं गोड पन्हं वेगळं आणि उन्हातून आल्यावर प्यायचं वेगळं. दुसऱ्यासाठी कैरी उकडण्याऐवजी थेट जाळावर साल काळी होईपर्यंत भाजली, गर काढून गुळात कुस्करला, त्यात जिरं, काळं मीठ आणि थोडा पुदिना घातला. भाजक्या कैरीचा धुरकट वास मला उकडलेल्या कैरीपेक्षा जास्त आवडतो. विदर्भातल्या माझ्या मैत्रिणीच्या घरी असंच करतात, तिच्याकडूनच मी शिकले. गराचा गोळा फ्रीजमध्ये दोन आठवडे छान राहिला.

ही सगळी पेयं रोजच्या तहानेसाठी आहेत. मुलांना जुलाब-उलट्या झाल्या असतील तर सरबत नाही, ओआरएसच द्यायचं, आणि उन्हाने कोणाला चक्कर आली, अंग तापलं किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर त्या माणसाला आधी डॉक्टरकडे न्यायचं. आमच्या सोसायटीत एका आजोबांना असं झालं होतं तेव्हा सगळे लिंबूपाणी करायला धावले होते. त्यांना सरळ दवाखान्यात हलवलं म्हणून ते सावरले.

बाकी सालभराचा हिशेब असा. अमृत कोकमाच्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या, कारण डोंबिवलीच्या दमट हवेत झाकण उघडून बंद करताना ओल शिरतेच. एक बाटली शेजारच्या काकूंना, एक गच्चीची किल्ली रोज देणाऱ्या वॉचमनदादांना. आमसुलं पहिला पाऊस पडायच्या आत एकदा शेवटचं ऊन दाखवून हवाबंद बरणीत भरली. आगळ गाळून उरलेल्या बिया धुऊन वाळवल्या आणि परतीच्या माणसाबरोबर गावाला पाठवल्या. काकी त्या कुटून उकळते आणि वर आलेलं मुठेल, म्हणजे बियांचं तेल, काढते. ते गार झालं की घट्ट होतं आणि टाचांच्या भेगांना लावायला उपयोगी पडतं. यंदा भावाला दहा किलो रातांबे सांगितले आहेत, आणि गच्चीच्या किल्लीबद्दल एप्रिलमध्येच सेक्रेटरींना विचारून ठेवलं आहे.