गोळी जरा जास्त दिली तर चालतंय काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेलं माणूस ज्या घरात आहे, तिथं निपाणीपासून खानापूरपर्यंत प्रश्न तोच असतो, आणि बहुतेक वेळा बायकांचा: "संध्याकाळ झाली की हे ऐकत नाहीत, अंगावर येतात. रात्रीची गोळी जरा जास्त दिली तर चालतंय काय?"

नाही. आपल्या मनानं अर्धीसुद्धा वाढवू नका. पण एवढंच सांगून तुम्हाला परत पाठवणं बरोबर नाही, कारण विचारणारीची कितीतरी रात्री झोप झालेली नसते.

त्रास कधीपासून वाढला ते आधी आठवा. डिमेन्शिया सहसा महिन्यामहिन्यांनी पुढं सरकतो. माणूस दोन दिवसांत एकदम बदलला, तर बहुधा दुसरंच काही झालेलं असतं: लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, तीन दिवस पोट साफ नसणं, पाणी कमी पडणं, दाढ नाहीतर गुडघा दुखणं. "दुखतंय" म्हणायला शब्द सापडत नाही, म्हणून हात उगारला जातो. अशा वेळी गोळी वाढवली की आरडाओरडा थांबतो आणि दुखणं आत तसंच राहतं. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नवीन सुरू झालेली औषधंही सांगा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन गोंधळ वाढवतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्यांनी काही वृद्ध शांत होण्याऐवजी बिथरतात, तोल जाऊन पडतात. डोनेपेझिल हे स्मृतीसाठीचं औषध रात्री घेऊन भीतीदायक स्वप्नं पडत असतील, तर ते सकाळी देता येईल का हे विचारा.

आपल्या सीमाभागात एक खास घोळ होतो. एक चिठ्ठी बेळगावच्या डॉक्टरांची, दुसरी मिरज नाहीतर कोल्हापूरची. दोन्हींवर क्वेटियापिन हे भास, मारहाण आवरण्याचं एकच औषध असतं, फक्त कंपनीचं नाव वेगळं, आणि घरात दोन्ही दिल्या जातात. स्ट्रिपवरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते जुळवून पाहा. जमत नसेल तर सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून मेडिकलवाल्यासमोर ठेवा.

कामाला ठेवलेली बाई फक्त कन्नड बोलते आणि ह्यांना आता लहानपणची मराठीच कळते, असं असेल तर आंघोळीच्या वेळचा दंगा बोलण्यातूनच सुटू शकतो. तिला चार मराठी वाक्यं शिकवा. हा उपाय मला कुठल्याही गोळीपेक्षा मोलाचा वाटतो.

एवढं करूनही मारहाण, भास किंवा जिवाला धोका असेल, तर रिस्पेरिडोन, क्वेटियापिन यांसारखी औषधं लागतात. पण ती साधी झोपेची गोळी नव्हे. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा सर्वांत कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ साली दिला. साधारण १० आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के दगावले. म्हणून सुरुवात अगदी लहान डोसनं होते, रिस्पेरिडोन ०.२५ मिलिग्रॅम, क्वेटियापिन १२.५ ते २५ मिलिग्रॅम. वाढवायचं ते डॉक्टरांनी, हळूहळू. भास, थरथर आणि दिवसागणिक बदलणारी शुद्ध असा डिमेन्शियाचा लेवी बॉडी नावाचा प्रकार असेल, तर हॅलोपेरिडॉलसारखं औषध जिवावर बेतू शकतं. निदानाचा कागद नेहमी बरोबर ठेवा.

गोळी दिल्यावर त्यांना एकदम उठवू नका, रक्तदाब उतरून पडण्याची भीती असते. खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसवा, मग उभं करा. अंग ताठरणं, लाळ गळणं, घास गिळताना ठसका, दिवसभर गुंगी यांपैकी काही दिसलं तर लगेच फोन करा. ताठरपणाबरोबर ताप आला तर थेट दवाखान्यात न्या.

गोळी वाटीभर आमटीत मिसळू नका. आमटी अर्धी उरली तर औषध किती गेलं हे कुणालाच कळत नाही. डॉक्टर हो म्हणाले तर दही-साखरेच्या एका चमच्यात द्या, सरळ बसवून. नावापुढं एसआर, ईआर किंवा एक्सआर असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटू नका, चावायलाही देऊ नका. दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज चार गोष्टी लिहा: त्रास किती वाजता, त्याआधी काय घडलं, गोळी कधी दिली, झोप किती झाली. डॉक्टरांना याचा उपयोग "फार त्रास देतात" या वाक्यापेक्षा जास्त होतो. रात्री कुणाशीच बोलता येत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो.

रिस्पेरिडोन, क्वेटियापिनसारख्या औषधानं चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर ते हळूहळू बंद करायचं असतं. फरक पडला, तरी सुरू केल्यापासून चार महिन्यांच्या आत कमी करून पाहायचं, हे बहुतेक घरांत राहूनच जातं. चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी चार महिन्यांनंतरची ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. कमी करणंही डॉक्टरांच्या सल्ल्यानं, एकदम तोडून नव्हे, आणि त्यानंतरही चार महिने कॅलेंडरवरची रोजची नोंद चालू ठेवा.