फुली-गोळा

"अगो, कोंबडी काय बॅटरी मारून बघते?" सासूबाईंनी फोनवर विचारलं आणि मी हातातली बॅटरी उगीचच पदराआड केली. व्हिडिओ कॉल नव्हता, तरी.

बारा गावठी अंडी त्यांच्याच खुराड्यातली, घरी उबवून पिल्लं काढायला आणलेली. गावी खुडूक कोंबडी डालग्यात बसवली, गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून शेजारी लोखंडाचा खिळा ठेवला, की माणसाचं काम संपलं. चिपळूणच्या दुसऱ्या मजल्यावर कोंबडी कुठून आणू? म्हणून मासळीचा थर्माकोलचा खोका, ४० वॅटचा पिवळा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा आणि पारा ३७.५ अंशांवर धरणारा कंट्रोलर. खोका तीनदा धुतला, बांगड्याचा वास काही गेला नाही.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एकीकडे फुली, दुसरीकडे गोळा. दिवसातून तीनदा फिरवायचं. न फिरवलं तर आतला जीव पडद्याला चिकटतो. फेरे विषम ठेवायचे, म्हणजे रात्रीची लांबलचक झोप रोज वेगळ्या कुशीवर. कोंबडी हे चोचीने, बसल्या बसल्या करते. मी मोबाइलला गजर लावून.

सातव्या रात्री घरातले दिवे घालवले. अंड्याची रुंद बाजू बॅटरीवर टेकवली आणि मूठ मिटली. पहिलं अंडं नुसतंच पिवळं, कंदिलासारखं उजळलं. आत काही नाही. आमच्या कोंबड्याने तिथे कामचुकारपणा केला होता. दुसरं धरलं आणि बोलणं थांबलं. तांबूस उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, मध्ये एक काळा ठिपका, आणि तो ठिपका हलत होता. हृदय तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच चालू असतं म्हणे. म्हणजे मी भाजीला फोडणी देत होते तेव्हा ओट्याशेजारी ते धडधडत होतं. मुलगा म्हणाला, "आई, त्याला उजेड लागतोय, बंद कर."

दोन पोकळ निघाली. एकात शिरा विरून नुसतं रक्ताचं कडं राहिलं होतं. ते सुरू होऊन थांबलेलं. अशी अंडी वेळीच काढावी लागतात, नाहीतर कुजून खोक्यात फुटतात. तिन्ही काढली. नऊ नंबरच्या अंड्याचं मात्र ठरेना. कवच जाड, शिरा असल्यासारख्या, नसल्यासारख्या. त्याच्यावर फुली-गोळ्याच्या मध्ये प्रश्नचिन्ह काढून परत ठेवलं.

पुस्तकी नियम पाण्याची वाटी ठेवायला सांगतात. पण जूनमध्ये कोकणात हवाच ओली फडक्यासारखी. दमटपणा जास्त झाला तर अंड्यातलं पाणी उडत नाही, रुंद टोकाची हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू ऐन वेळी गुदमरतं. ४५ ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी ४० च्या आसपास यायला हवं. म्हणून वाटी काढली आणि स्वयंपाकाच्या काट्यावर अंडी तोलत बसले. मध्ये एकदा तीन तास लाईट गेली, खोक्यावर गोधडी टाकली. सासूबाई म्हणाल्या, "कोंबडी पण दाणे टिपायला उठतेच की." त्या रात्री मला झोप लागली.

अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद, झाकण बंद. आता वाटी परत आत. शेवटचे तीन दिवस दमटपणा हवाच, नाहीतर पडदा सुकून पिल्लाला आवळतो.

एकविसाव्या पहाटे खोक्यातून चिवचिव. कवचाला तडा, त्यातून चोचीचं टोक, मग तासन्‌तास काहीच नाही. मदत करायला हात शिवशिवत होते. पण घाईने सोललं तर रक्त येतं. संध्याकाळपर्यंत सात बाहेर आली, ओली, केविलवाणी, कुठल्याही कोनातून गोंडस नाहीत. दोन अंडी गप्प. त्यातलं एक प्रश्नचिन्हवालं.

बॅटरी उचलली. तेवढ्यात फोन वाजला.

"किती?"

"सात. आणि आई, ते नऊ नंबरचं..."

"आज राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्या बघ."