इन्सर्ट बकझॉइड

'स्पेस क्वेस्ट ३' सुरू होताना स्क्रीनवर ओळ झळकली: 'इन्सर्ट बकझॉइड'. बकझॉइड म्हणजे या गेममधलं चलन. नाणं टाका!

हा गेमचा संवाद नव्हे. १९८९ च्या या गेमने हा निरोप रोलँड एमटी-३२ या संगीत वाजवणाऱ्या यंत्राच्या वीस अक्षरी डिस्प्लेसाठी पाठवला होता. यंत्र इथे जोडलेलं नाहीच, आहे ते त्याची नक्कल करणारं मंट हे सॉफ्टवेअर. तरी निरोप पोचला.

त्याआधी तासभर याच गेमचं संगीत फ्लुइडसिंथ या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर भलतंच वाजत होतं. पियानोच्या जागी कुठलंतरी शिट्टीवजा वाद्य. वाटतं साउंडफाँट (फ्लुइडसिंथ वापरतं ती वाद्यांच्या आवाजांची फाइल) हलका असेल, मोठा उतरवावा. उपयोग शून्य. जनरल मिडी, म्हणजे असे साउंडफाँट पाळतात ती वाद्यक्रमांकांची ठरलेली पद्धत, आलं १९९१ मध्ये. एमटी-३२ च्या वाद्यांचे क्रमांक वेगळे. शिवाय सिएराचे (हा गेम काढणारी कंपनी) गेम सुरुवातीलाच स्वतः घडवलेले आवाज सिसेक्सने, म्हणजे खास त्या यंत्रासाठीच्या मिडी संदेशांनी, यंत्रात भरतात. साउंडफाँट ते ऐकूनच घेत नाही.

उपाय साधा. डॉसबॉक्स स्टेजिंग या जुने डॉस गेम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये मिडीडिव्हाइस 'एमटी३२' करा, एमटी-३२ च्या कंट्रोल आणि पीसीएम अशा दोन्ही रॉमच्या (आतल्या चिपमधल्या मजकुराच्या) फाइली रोमडिर या सेटिंगमध्ये दिलेल्या फोल्डरमध्ये ठेवा (६४ आणि ५१२ केबी, हक्क रोलँडचे, म्हणून आपल्याच यंत्रातून काढलेल्या). मग गेमच्या इन्स्टॉल प्रोग्राममध्येही एमटी-३२ निवडा. हे शेवटचं हमखास राहतं.

'डूम'साठी मात्र उलट: तिथे जनरल मिडीच, फ्लुइडसिंथ झकास.

आपण वर्षानुवर्षं ऐकलेलं जुन्या गेमचं संगीत नेमकं कुठल्या यंत्रासाठी लिहिलेलं होतं, तुम्ही कधी तपासलंय?