मे महिन्यात, परभणीत, मला थंडी वाजली

ऑगस्टात ६१ किलो होते, एप्रिलात ६८. घरचा काटा बिघडला असेल म्हणून मेडिकलवाल्याच्या काट्यावर जाऊन उभी राहिले, तिथं अजून अर्धा किलो जास्त निघालं.

काय खाते ते आधीच सांगते, कारण सगळ्यांना पहिली शंका तीच येते. ज्वारीची दीड भाकरी, पालेभाजी, वरण, रात्री कण्या नाहीतर मुगाची खिचडी. मैदा बंद, चहात साखर बंद. पहाटे साडेपाचला कृषी विद्यापीठात ५ किलोमीटर चालायचं, पावसाचे दिवस सोडले तर खाडा नाही. आणि तरी लग्नात गेलं की, "काय गं, लई सुटायलीस की!" जाऊबाईंनी तर बाजूला घेऊन विचारलं, रात्री चोरून खातीस का काय? असा राग आला, त्या रागात रात्रीचं जेवणच बंद केलं, तर काटा हलला नाही, लेकरांवर ओरडणं तेवढं वाढलं.

सापडलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मे महिना, परभणी, म्हणजे काय ते परभणीकरांना सांगायला नको. सगळे कूलरपुढं पसरलेले आणि मी गोधडी घेऊन. आमचे हे म्हणले, "बाहेर ४३ आहे, तुला थंडी वाजायली?" मग एकेक आठवायला लागलं, फणीत येणारे केसांचे पुंजके, पोट साफ न होणं, सकाळी सुजलेला चेहरा, भर दुपारी बसल्या बसल्या लागणारी डुलकी. चाळिशी आली म्हणून सोडून दिलेलं सगळं.

रक्त तपासलं, तर टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, १४ निघालं, पाहिजे साधारण साडेचारच्या आत. मला वाटलं जास्त म्हणजे थायरॉईड जोरात चालू, तर उलटंच. गळ्यातली ग्रंथी मंद पडली की मेंदूतून तिला उठवायला टीएसएच जास्त सुटतं. खोटं कशाला बोलू, आजार निघाला म्हणून मी खूश झाले, रिपोर्टचा फोटो लगेच जाऊबाईंना.

पण डॉक्टरीणबाई म्हणल्या, थायरॉईडनं वजन थोडंच वाढतं, त्यातही बरंचसं अंगात साठलेलं पाणी असतं, बाकीचं कुठून आलं ते सांगा. भाकरीसोबत काय घेता? शेंगदाण्याची चटणी, वर करडईचं तेल. किती? आता आमच्याकडं तेल मोजतं कोण, चटणीत मधी आळं करायचं आन भरायचं! घरी येऊन मोजलं तर दिवसाला तीन मोठे चमचे, एकाला १२० कॅलरी, म्हणजे पहाटेचं सगळं चालणं तेलातच गेलं. आणि शेंगदाणे वेगळे.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत, त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास चहा नाही. तेल सोडण्यापेक्षा ते जास्त जड जातं मला. दोन महिन्यांनी टीएसएच ५ वर आलं, वजन ६५, कूलरपुढची जागा परत माझी.

जाऊबाईंना तेलाचं सांगितलेलं नाही.