घडी पडण्याआधी

मुन्सुदोंगमध्ये, प्याँगयांगमधल्या परदेशी लोकांच्या वसाहतीत, लहान मुलांचा वर्ग चालवायचा तर सगळ्यात आधी रद्दी तपासावी लागे. चित्रकला असो, कातरकाम असो, टेबलावर येणारा प्रत्येक कागद मी दोन्ही बाजूंनी बघून घ्यायची. वर्तमानपत्र असेल तर पान न् पान. उत्तर कोरियात नेत्याचा फोटो असलेलं वर्तमानपत्र फाडत नाहीत, चुरगळत नाहीत, त्यात काही बांधत नाहीत. घडी घालतानाही ती चेहऱ्यावरून जाणार नाही हे बघतात. आणि २०१८ साली फोटो नसलेलं पहिलं पान हाती लागणं कठीणच होतं. २७ एप्रिलला पानमुनजोमला दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांची भेट झाली, १२ जूनला सिंगापूरला ट्रम्प यांची, आणि उरलेला उन्हाळा कारखान्यांच्या पाहणीचे फोटो.

माझा नवरा एका मदतसंस्थेत पिण्याच्या पाण्याचं काम बघायचा, त्यासाठी आम्ही प्याँगयांगला गेलो होतो. पुण्यात मी प्राथमिक शाळेत शिकवत असे. प्याँगयांगला परदेशी मुलं मोजकीच. दूतावासच जेमतेम दोन डझन, त्यात बरेच अधिकारी बायकामुलांना मायदेशी ठेवून येत. रशियन मुलांसाठी त्यांच्या दूतावासाची शाळा होती. बाकीच्यांपैकी ज्यांना मुलांचं इंग्रजी आणि गणित सुटू नये असं वाटे, ते सकाळी मुलांना माझ्याकडे पाठवायचे. आमच्याच इमारतीतल्या एका रिकाम्या खोलीत वर्ग भरायचा. चार वर्षांच्यापासून नऊ वर्षांच्यापर्यंत सगळी एकत्र, आपल्याकडच्या एकशिक्षकी शाळेसारखी.

त्यांतली सगळ्यात मोठी मुलगी एका युरोपीय दूतावासातल्या अधिकाऱ्याची. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, थोरली म्हणते. प्याँगयांगला आली तेव्हा ती सहाची होती, मी सांगते त्या दिवशी नऊला टेकली होती. कोरियन इतकं सफाईनं बोलायची की फाटकावरचा पहारेकरीसुद्धा चमकून बघायचा. ती भाषा तिला शिकवली आजुमॉनीनं.

आजुमॉनी म्हणजे तिकडे मावशी किंवा काकू म्हणतात तसं. पन्नाशीची बाई, छातीवर डाव्या बाजूला नेत्यांचा बिल्ला, केस मागे घट्ट बांधलेले. सकाळी माझ्या वर्गाची खोली झाडून-पुसून ठेवायची, मुलांना दूध-बिस्किटं द्यायची आणि दुपारी थोरलीच्या घरी कामाला जायची. तिथे कामाला माणूस आपण शोधून ठेवू शकत नाही. परदेशी लोकांसाठी सरकारचं एक खातं आहे, ते माणसं पाठवतं आणि पगारही त्या खात्याकडेच भरायचा. शिवाय त्या देशातल्या प्रत्येकाला आठवड्याची आढावा बैठक चुकत नाही. तिथे उभं राहून आधी स्वतःची चूक सांगायची आणि मग दुसऱ्या कुणाची तरी. शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना. आमच्याकडे दिवसभर काय चाललं हे आजुमॉनीला कुठेतरी सांगावं लागत असणार, हे सगळे धरूनच चालत. त्यात तिचा काही दोष नव्हता.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की अशा देशात परदेशी मुलाला कोंडून ठेवत असतील. तसं नव्हतं. तैदोंग नदीच्या काठानं आम्ही फिरायला जायचो, बाजारात जायचो, सुट्टीच्या दिवशी गाडीनं नाम्पोच्या समुद्रापर्यंतही जाता येई. थोरली चाकांच्या बुटांवर उत्तम घसरायची. प्याँगयांगच्या मुलांना त्या खेळाचं वेड आहे. संध्याकाळी ती त्यांच्यातच गोल गोल फिरायची, कधी एखादी मुलगी तिच्याबरोबर शर्यत लावायची, दोघी कठड्याला एकदमच जाऊन धडकायच्या आणि खळखळून हसायच्या. मग ती मुलगी निघून जायची. नाव विचारायचं नाही, घरी ये म्हणायचं नाही. तिच्या वयाची हजारो मुलं तिला रोज दिसत होती आणि त्यांतलं एकही आमच्या फाटकाच्या आत येऊ शकत नव्हतं. त्या उन्हाळ्यात तर शहरातल्या चौकाचौकात मुलांच्या कवायती चालू होत्या. ९ सप्टेंबरला राष्ट्रस्थापनेला सत्तर वर्षं होणार होती, मे दिन स्टेडियमवर मोठा सामूहिक कार्यक्रम होता. थोरली गाडीच्या काचेतून बघून त्यांच्या हातांच्या हालचाली पाठ करायची आणि वर्गात येऊन लहान मुलांना शिकवायची.

ऑगस्टचा पहिला पंधरवडा असह्य उकाड्याचा गेला होता आणि महिन्याच्या शेवटी पाऊस कोसळला. ह्वांगहेमध्ये पूर आला, नवरा तिकडे गेला. आमच्या आवारातही घोट्यापर्यंत पाणी साचलं. मुलं खिडकीला चिकटली, आणि पाणी बघून मुलांना जे सुचतं तेच त्यांना सुचलं. मी जुन्या चित्रकलेच्या वह्यांची पानं काढून दिली आणि होड्या करायला शिकवू लागले.

आमच्यात एक पाच वर्षांचा मुलगा होता. त्याला मोठी होडी हवी होती. त्याचे पावसाळी बूट त्या दिवशी घरून कुणीतरी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालून दिले होते. त्यानं तो कागद सोडवला आणि टेबलावर पसरला. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका चिमुरडीच्या बुटाची नाडी बांधत होते. आजुमॉनी खिडकीखाली उकिडवी बसून आत आलेलं पाणी फडक्यानं टिपत होती, तिची पाठ टेबलाकडे.

मी मान वर केली तेव्हा मुलानं कागद मधोमध दुमडला होता. इंग्रजीतला प्याँगयांग टाइम्स होता तो. आतल्या बाजूला गेलेल्या पहिल्या पानावर कोणाचा फोटो असणार हे वेगळं सांगायला नको. आता तो अंगठा फिरवून घडी पक्की करणार होता.

माझ्या तोंडातून अवाक्षर निघायच्या आत थोरलीचा हात त्या कागदावर होता. हिसकावणं नाही, ओरडणं नाही. तळवा सपाट ठेवला फक्त, त्याच्या अंगठ्याच्या पुढे. आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "याची नको करू. हा कागद भिजला की लगेच बुडतो. माझा घे, जाड आहे." तिच्यासमोर तिचं स्वतःचं चित्र होतं, दोन दिवस रंगवत होती ती, नदी आणि पूल. ते तिनं त्याच्यापुढे सरकवलं. मुलगा खूश झाला.

मग मान न वळवता, कोरियनमध्ये, "आजुमॉनी, बाहेर पायरीवरून पाणी आत येतंय का जरा बघता का?"

आजुमॉनी उठली, फडकं बादलीत टाकलं आणि बाहेर गेली. दार लागल्याचा आवाज आल्यावर थोरलीनं कागद उघडला. फोटोतल्या माणसाच्या खांद्याखालून एक पुसट रेघ गेली होती, चेहरा वाचला होता. तिनं मोजपट्टीची पाठ घेऊन ती रेघ हलक्या हातानं दाबत काढली, कपाटातून दोन मोठे नकाशासंग्रह ओढले आणि त्यांच्यामध्ये कागद सपाट सरकवला. हे सगळं करताना ती एकदाही माझ्याकडे बघत नव्हती. काम झाल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाली, "टीचर, घरी जाताना मी ते पुस्तक नेऊ का? उद्या परत आणते."

मी ने म्हटलं. पाय लटपटत होते माझे. ऑटो वॉर्मबियर नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याची गोष्ट तेव्हा ताजी होती. जानेवारी २०१६ मध्ये त्याला प्याँगयांग विमानतळावर पकडलं, हॉटेलातलं एक प्रचारफलक काढल्याच्या आरोपावरून १५ वर्षांची सक्तमजुरी सुनावली. जून २०१७ मध्ये तो बेशुद्धावस्थेत घरी परतला आणि काही दिवसांतच गेला.

आजुमॉनी परत आली ती बऱ्याच वेळानं. पायरीवर पाणी नव्हतंच. ती टेबलाजवळ थांबली, विस्कटलेले कागद गोळा केले, थोरलीच्या वेणीची सुटलेली रिबन बांधून दिली आणि पुन्हा खिडकीखाली जाऊन बसली. तिला कळलं होतं की नव्हतं, हे मी विचारलं नाही, विचारण्यासारखं नव्हतंच.

पाऊस थांबल्यावर मी मुलांना होड्या सोडायला खाली नेलं. थोरली माझ्या शेजारी उभी होती. उघड्यावर आल्यावर ती आपणहून बोलू लागली. त्या आवारातली सगळी मुलं तशीच होती, महत्त्वाचं ते बाहेर बोलायचं. भिंतीलाही कान असतात हे आपण नुसतं म्हणतो, तिथे ते घरातल्या रोजच्या वागण्यात मुरलेलं होतं.

"आजुमॉनीनं बघितलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं," ती म्हणाली. "आणि तिनं नसतं सांगितलं, पण दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मग तू का गप्प बसलीस असं तिला विचारलं असतं. म्हणून तिला दिसायलाच नको होतं."

"आणि त्या छोट्याचं?"

"त्याला काही नाही करत. फार तर विमानात बसवून परत पाठवतील." क्षणभर थांबून म्हणाली, "आजुमॉनीला कुठलं विमान?"

१९६१ च्या व्हिएन्ना करारानं राजनैतिक अधिकाऱ्याला जे संरक्षण दिलं आहे, ते त्याच्या घरच्यांनाही लागू होतं. मुलाला अटक होत नाही, खटला होत नाही. आम्हा मदतसंस्थेच्या लोकांना तितकं भक्कम कवच नव्हतं. आणि आजुमॉनीला काहीच नव्हतं. त्या खोलीत एकाच कागदाची किंमत तिघांना तीन वेगळ्या तऱ्हेनं मोजावी लागली असती, आणि हे गणित नऊ वर्षांच्या मुलीनं मला नाडीची गाठ मारायला लागते तेवढ्या वेळात करून टाकलं होतं.

पुढे तिच्या आईशी मी नदीकाठानं चालता चालता बोलले. तिनं सांगितलं, घरात दोनच नियम. आजुमॉनी जे बोलली ते दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही. आणि ज्याचं उत्तर दिल्यानं ती अडचणीत येईल, असा प्रश्न तिला विचारायचा नाही. तुमच्या नातवाला काय आवडतं, हे विचारता येतं. तुम्हाला हे सगळं पटतं का, हे कधीच नाही. मग म्हणाली, सुट्टीत मायदेशी गेल्यावर हीच पोर आजीला काही सांगायचं असलं की हाताला धरून बागेत नेते. तिथल्या शिक्षिकेनं तर निदान केलं, मुलगी मिटलेली आहे.

मिटलेली हा शब्द मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. मी मिटलेली मुलं पाहिली आहेत, त्यांचं लक्ष स्वतःकडे असतं. हिचं सगळं लक्ष दुसऱ्या माणसाकडे होतं. पण म्हणून मी त्याचं कौतुकही करू शकत नाही. मुलानं होडी करताना होडीचाच विचार करायला हवा. आपल्या घरच्या मावशीला कुठल्या प्रश्नाला तोंड द्यावं लागेल याचा अंदाज बांधणं हे मुलाचं काम नव्हे. आणि थोरलीला ते तीन-चार वर्षंच करायचं होतं. चौकात कवायत करणाऱ्या तिच्या वयाच्या मुलींना ते जन्मभर करायचं आहे, तेही स्वतःच्या आईवडलांना सांभाळत.

२०१९ मध्ये त्यांची बदली झाली, त्याच वर्षी आम्हीही परतलो. जानेवारी २०२० मध्ये कोरोनामुळे देशाच्या सीमा बंद झाल्या, परदेशी लोकांना महिनाभर आवाराबाहेर पडता येईना, आणि ९ मार्चला एका खास विमानानं बरेच जण व्लादिवोस्तोकला गेले. फेब्रुवारी २०२१ मधला तो फोटो अनेकांनी पाहिला असेल, रशियन दूतावासातले आठ जण रुळांवरची ढकलगाडी ढकलत सीमा ओलांडताहेत, सामानाबरोबर मुलंही बसली आहेत. त्यांतली सगळ्यात लहान तीन वर्षांची. आधी बत्तीस तास रेल्वे, मग दोन तास बस, आणि शेवटी तुमेन नदीच्या पुलावरून ही गाडी. जगाला ते विचित्र वाटलं. मला मात्र त्या मुलांच्या आजुमॉनीची आठवण आली. त्यांच्या घरी कोणीतरी असणारच. त्याच वर्षी जुलैत आपला दूतावासही रिकामा झाला.

२०२४ च्या सप्टेंबरपासून काही दूतावास पुन्हा उघडले, डिसेंबरमध्ये भारताचाही. ओळखीतलं एक जण तिकडे जाणार असल्याचं कळल्यावर मी थोरलीला कळवलं. आता ती कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे. आजुमॉनीला चिठ्ठी द्यायची आहे का, एखादा फोटो, असं विचारलं.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. चिठ्ठी नको, फोटो नको, माझं नावही नको. तिच्याबद्दल कोणाकडे चौकशी करू नका. ती कुठे कामावर दिसलीच, तर तिच्या वरिष्ठांसमोर मोठ्यानं एवढंच म्हणा, की या बाईंचं काम फार चोख असतं, आम्ही पूर्वीपासून ऐकून आहोत. बैठकीत ते तिच्या उपयोगी पडेल.

जाणाऱ्या माणसाला मी शब्द न् शब्द तसाच सांगितला आहे.